टपालपेटीचा खांब: मजबुती वर हवी, पायात नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील खेड्यांतल्या घरांविषयी आलेल्या लेखात रस्त्याकडेच्या टपालपेटीसाठी ‘चांगला तीन फूट खड्डा घेऊन काँक्रीटमध्ये लोखंडी पाइप पक्का करावा’ असा सल्ला आहे. तिकडे घर घेतलेली मराठी मंडळी हा लेख कापून ठेवतील आणि तसेच करतील, म्हणून हे सविस्तर पत्र. सल्ला चुकीचा आहे, आणि नुसता चुकीचा नाही, धोक्याचा आहे.

तिथल्या टपाल खात्याने खांबासाठी सुचवलेली मापे साधी आहेत: चार बाय चार इंची लाकडी खांब किंवा दोन इंच व्यासाचा साधा पोलादी वा अॅल्युमिनियमचा पाइप, आणि जमिनीत जास्तीत जास्त २४ इंच. काँक्रीटचे खांब, जाड लोखंडी पाइप, काँक्रीट भरलेले दुधाचे कॅन असले प्रकार टाळा, असेही खाते सांगते. कारण उघड आहे. पेटी रस्त्याच्या कडेपासून जेमतेम वीतभर अंतरावर असते. घसरलेली गाडी तिच्यावर आली तर खांब मोडला किंवा आडवा झाला पाहिजे. तो जागचा हलला नाही तर गाडीतला माणूस जातो. त्यामुळे मजबुती कुठे हवी हा पहिला प्रश्न. ती पेटी आणि खांब यांच्या सांध्यात हवी, जमिनीत नको. सांधा कच्चा असेल तर धडकेत पेटी सुटून थेट समोरच्या काचेवर येते, हा धोकाही तितकाच खरा.

आता पेटीची जागा. रस्त्याच्या पृष्ठभागापासून पेटीच्या तळापर्यंत ४१ ते ४५ इंच उंची, आणि रस्त्याच्या कडेपासून पेटीच्या दारापर्यंत ६ ते ८ इंच अंतर. पोस्टमन गाडीतून न उतरता टपाल टाकतो, म्हणून ही मापे. लेखात उंची ‘जमिनीपासून’ मोजली आहे, तिथेच घोळ होतो. रस्त्याकडेची जमीन बहुधा रस्त्यापेक्षा खाली असते. खांबाजवळची जमीन पाच इंच खाली असेल आणि तिथून ४३ इंच मोजले, तर पेटी प्रत्यक्षात ३८ इंचांवर बसते. सरळ फळी रस्त्यावर आडवी धरून, तिच्यावर पाणसळ ठेवून खांबाच्या जागेपर्यंत आणावी आणि तिथून मोजावे.

बरे, आज माप बरोबर आले तरी ते टिकत नाही. रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला की रस्ता इंच-दोन इंच वर येतो, म्हणजे पेटी तितकीच खाली गेली. थंड मुलुखात ओली माती गोठून फुगते आणि खांब हळूहळू वर ढकलला जातो. कडेची खडी वाहून गेली की अंतर बदलते. म्हणून उंची आणि पुढे-मागचे अंतर, दोन्ही नंतर बदलता येतील अशी बैठक पहिल्यापासूनच करावी. ती घरच्या घरी होते, वेल्डिंगचे काम तेवढे बाहेरून करून घ्यायचे.

खांब चार बाय चारचा म्हणतात, पण रंधून मिळतो तो साडेतीन बाय साडेतीन इंच भरतो. सगळी मापे या साडेतीनवर धरा. जमिनीत गाडण्यासाठी प्रक्रिया केलेले लाकूडच घ्या. सहा फुटी खांब पुरतो.

बैठकीला लागतात दोन सपाट लोखंडी पट्ट्या आणि दोन अँगल (काटकोनात दोन पाय असलेली लोखंडी पट्टी). पट्टी दोन इंच रुंद, दोन सूत जाड, पंधरा इंच लांब. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.) अँगल दीड बाय दीड इंची, दीड सूत जाड, चौदा इंच लांब. पट्ट्या खांबाच्या डाव्या-उजव्या अंगाला उभ्या बसतात. प्रत्येक पट्टीच्या वरच्या टोकावर एक अँगल असा जोडायचा की त्याचा उभा पाय पट्टीच्या बाहेरून खाली येईल आणि आडवा पाय आत वळेल. अँगलची लांबी रस्त्याला काटकोनात, म्हणजे पेटीच्या लांबीच्या दिशेने, आणि पट्टी त्याच्या बरोबर मध्यावर. पेटीचे वजन अशा रीतीने पट्टीच्या टोकावर पडते, वेल्डवर नाही.

प्रत्येक पट्टीत वरच्या टोकापासून तीन इंचांवर पहिले भोक आणि मग एकेका इंचाने तेराव्या इंचापर्यंत, अशी अकरा भोके साडेतीन सुताची पाडावीत. खांबात मात्र दोनच आरपार भोके, माथ्यापासून तीन आणि सात इंचांवर, तीन सुताची. त्यांतून तीन सुती, पाच इंच लांबीचे दोन बोल्ट जातात. पट्टी सगळ्यात खाली असताना बोल्ट तिच्या तिसऱ्या आणि सातव्या इंचावरच्या भोकांत असतात, सगळ्यात वर असताना नवव्या आणि तेराव्या. एकूण सहा इंचांची सोय झाली. खात्याने दिलेली मुभाच चार इंचांची असल्यामुळे एकेका इंचाची पायरी पुरते. सरकत्या खाचा उंचीसाठी मुद्दाम ठेवलेल्या नाहीत. खाचेत पेटी निव्वळ घर्षणावर उभी राहते, आणि हिवाळाभर दार ओढून-आपटून ते घर्षण संपते.

दोन बोल्टांऐवजी एकावर काम भागवण्याचा मोह होतो. एक बोल्ट म्हणजे बिजागरी. पेटीचे दार खांबाच्या नऊ-दहा इंच पुढे असते, तिथे कोणी नुसता हात टेकला तरी पेटी पुढे झुकते. भोके माथ्याच्या फार जवळही नकोत, दीड इंचावर घेतली तर लाकूड शिरेच्या दिशेने चिरते.

सर्वांत जास्त फसगत होते ती खांबातल्या भोकांत. साडेतीन इंच लाकडातून हाताने ड्रिल करताना पाते एका बाजूला जाते, पलीकडे दोन-तीन सूत फरक पडतो आणि पट्टीची भोके जुळत नाहीत. मग लोक भोक मोठे करतात आणि बैठक कायमची खिळखिळी होते. त्याऐवजी दोन्ही पट्ट्या क्लॅम्पने खांबाला आवळून, गुण्याने समोरासमोर आहेत हे पाहून, त्यांच्याच भोकांतून दोन्ही बाजूंनी अर्धे-अर्धे ड्रिल करावे. मध्ये किंचित फरक राहिला तर बोल्ट हलक्या हाताने ठोकून जातो.

पट्ट्या खांबाच्या माथ्यापेक्षा वर गेल्या की पुढे-मागे ताठ राहतात, पण डावीकडे-उजवीकडे डुलतात, कारण त्या दिशेने त्यांची जाडी दोनच सूत आहे. यावर उपाय म्हणजे माथा आणि अँगल यांच्यामधली मोकळी जागा साडेतीन इंची लाकडाच्याच ठोकळ्याने भरून काढणे. ठोकळा पट्ट्यांमध्ये घट्ट बसला पाहिजे, आणि वरून दोन लांब स्क्रूंनी खांबाच्या माथ्याला धरला पाहिजे. उंची बदलली की ठोकळाही बदलायचा. या ठोकळ्याशिवायची बैठक आम्ही तरी कोणाला सुचवणार नाही.

पुढे-मागच्या अंतराला मात्र खाचा चालतात, कारण तिथे भार कमी आणि बदल बारीक. अँगलच्या आडव्या पायांत दोन्ही टोकांना, टोकापासून एक इंच सोडून, तीन इंच लांब आणि अडीच सुती बोल्ट जाईल एवढ्या रुंद खाचा घ्याव्यात. त्यांवर पाऊण इंच जाडीची फळी बसते आणि फळीवर पेटी.

फळीविषयी थोडे अधिक सांगायला हवे. बोगद्याच्या आकाराची नेहमीची पेटी १९१५ साली तिथल्याच टपाल खात्यातले अभियंते रॉय जोरोलमन यांनी आखली. आजच्या पत्र्याच्या पेट्यांच्या तळाला दोन्ही बाजूंनी पत्रा खाली आलेला असतो, म्हणजे तळाशी एक उथळ पोकळी तयार होते. फळी या पोकळीत शिरली पाहिजे आणि बाजूच्या पत्र्यातून आडवे स्क्रू फळीच्या कडेत गेले पाहिजेत. पेट्यांची मापे निरनिराळी असतात, त्यामुळे पेटी हातात आल्याशिवाय फळी कापू नका. पोकळीपेक्षा ती सूतभर अरुंद ठेवा. प्लायवूड इथे नको, कडेत स्क्रू धरत नाही, पाणी लागले की पापुद्रे सुटतात. सलग लाकडाची फळी, आधी बारीक भोक आणि मग स्टेनलेसचे पाऊण इंची स्क्रू, बाजूला तीन-तीन. तळातून वर स्क्रू मारणे हा सोपा मार्ग वाटतो, पण ती टोके पेटीत शिरतात, टपाल फाटते आणि पोस्टमनचा हात कापतो.

फळी अँगलला जोडायला गोल डोक्याचे, मानेखाली चौकोन असलेले अडीच सुती बोल्ट घ्यावेत, दीड इंची, चार. डोके फळीत सूतभर खोल बसवावे म्हणजे पेटीचा तळ वर उचलला जात नाही. चौकोनी मान लाकडात रुतते, त्यामुळे पुढे कधीही पेटी न उघडता खालून एकाच पान्याने नट सैल करून अंतर बदलता येते. खाली रुंद वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप सैल न होणारा). अंतर एकदा ठरले की अँगल आणि फळीतून एक साधे भोक पाडून पाचवा बोल्ट टाकून द्या, मग खाच सरकायचा प्रश्नच उरत नाही. मागच्या दोन बोल्टांवर, फळी आणि अँगल यांच्यामध्ये, एकेक वॉशर जास्त घातला तर पेटी दाराकडे किंचित उतरती होते आणि आत आलेले पाणी बाहेर पडते.

गंजाचे म्हणाल तर हल्लीच्या प्रक्रिया केलेल्या लाकडात तांब्याची संयुगे असतात. साध्या लोखंडाला आणि पातळ चकचकीत मुलाम्याच्या बोल्टांना ती लवकर खातात, अॅल्युमिनियमचीही तीच गत. गरम जस्तात बुडवून काढलेले किंवा स्टेनलेसचेच बोल्ट वापरा. पट्ट्या आणि अँगल काळ्या लोखंडाचे घेऊन, भोके आणि वेल्डिंग उरकून, मग जस्ताचा थर चढवून घ्यावा. जस्त चढवलेल्या लोखंडावर वेल्डिंग केले तर निघणारा धूर विषारी असतो. नाइलाज असेल तर वेल्डच्या जागेचे जस्त आधी घासून काढा, मोकळ्या हवेत काम करा आणि नंतर जस्तयुक्त रंग द्या.

खांब उभा करण्याआधी ८११ या क्रमांकावर फोन करणे बंधनकारक आहे. जमिनीखालच्या गॅस, वीज आणि फोनच्या वाहिन्या कुठून जातात ते विनाशुल्क आखून दिले जाते. फोन काही दिवस आधी करावा. पेटी बाजारची नसून घरी केलेली असेल तर स्थानिक पोस्टमास्तरची मंजुरी लागते. रस्ते खात्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, तेही विचारून घ्या.

खड्डा आठ-दहा इंच व्यासाचा आणि २८ इंच खोल. तळाला चार इंच खडी, म्हणजे पाणी निचरते आणि खांब २४ इंचच गाडला जातो. कारखान्यात कापलेले टोक खाली आणि आपण कापलेले वर ठेवा. कापलेल्या टोकाला लाकूड-संरक्षक द्रव लावायला विसरू नका. खांबाचा माथा असा कापावा की बैठक सगळ्यात खालच्या स्थितीपेक्षा दोन इंच वर असताना पेटीचा तळ रस्त्यापासून ४३ इंच भरेल. रस्ता वर येण्याचीच शक्यता जास्त, म्हणून वरच्या बाजूला चार इंच राखून ठेवले. रस्ता आणि जमीन एका पातळीत असतील तर माथा जमिनीपासून ४० इंचांवर येतो, जमीन पाच इंच खाली असेल तर ४५ इंचांवर.

काँक्रीट नाही तर खांब हलणार नाही का, असे विचारले जाते. भराव नीट कुटला तर नाही हलत. माती किंवा बारीक खडी चार-पाच इंचांच्या थरांनी टाकावी आणि प्रत्येक थर पहारीच्या बोथट टोकाने दाबून कुटावा. दर थराला ओळंबा दोन बाजूंनी पाहावा. सगळी माती एकदम लोटून वरून पायाने दाबली तर फक्त वरचे सहा इंच घट्ट होतात, आणि पहिल्या पावसात खांब कलतो.

जिथे बर्फ ढकलणाऱ्या गाड्या फिरतात तिथे पेटी बहुधा गाडीच्या पात्याने पडत नाही, पात्यावरून उडालेल्या ओल्या बर्फाच्या माऱ्याने पडते. तिथे खांब तीन-चार फूट मागे घेऊन आडव्या हातावर पेटी पुढे काढणे बरे. हा हात खांबाभोवती फिरता ठेवतात आणि फिरण्याचा आस किंचित कलता बसवतात, म्हणजे मारा बसला की हात बाजूला वळतो आणि स्वतःच्या वजनाने पुन्हा जागेवर येतो. कल जास्त झाला तर वळायला जड जातो, कमी झाला तर वाऱ्याने फिरत राहतो. पेटी लावून, आत थोडे वजन ठेवूनच तो जुळवावा. वरची फळी आणि खाचांचे अँगल या हातावरही तसेच बसतात.

प्रक्रिया केलेले लाकूड ओले विकले जाते आणि वाळताना आकसते. त्यामुळे पहिल्या उन्हाळ्यानंतर सगळे नट एकदा आवळावे लागतात. सुरुवातीलाच जोर लावून आवळले तर पट्टी लाकडात रुतते आणि वाळल्यावर सांधा उलट जास्त सैल होतो.

जाता जाता, लेखासोबतच्या चित्रात पेटीचा लाल झेंडा (आत न्यायचे टपाल आहे अशी पोस्टमनला खूण) डाव्या बाजूला काढला आहे. रस्त्यावरून पेटीकडे तोंड करून पाहिले असता तो उजव्या बाजूला असतो. आकृती पुन्हा छापणार असाल तर तेवढी दुरुस्ती करावी.

आपले,
काही वाचक