भेंडीबाजारातल्या बाइंडरचाचांना

चाचा, सलाम.

परवा मोडीच्या सरावासाठी मिळालेल्या एका झेरॉक्सवरची तारीख मी कोणालाही न विचारता वाचली. 'अर्बा सबैन मया व अलफ.' चार, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे पेशवाईच्या कागदांत अरबी आकड्यांनी लिहिला जाणारा शुहूर सन, ११७४. त्यात ५९९-६०० मिळवले की येतं १७७३-७४, नारायणराव पेशव्यांचा खून झाला ते साल. आकडा डोक्यात जुळला तेव्हा पहिली आठवण तुमची आली. तोंडावर बोलायला गेले असते तर तुम्ही 'अरे छोडो बेटा' म्हणून विषय बदलला असता, म्हणून लिहितेय.

तुमच्याकडे यायच्या आधी मी एका अरबीच्या क्लासला जात होते. सगळी फी आगाऊ घेतली. सर फळ्यावर नियम लिहायचे आणि आम्ही तो उतरवून घ्यायचो. तीन ते दहा हे आकडे नामाच्या उलट लिंगात का येतात, असं विचारलं तर उत्तर एकच, 'पाठ करा.' पेशवाईचे कागद वाचायला अरबी हवी म्हटल्यावर तर, 'मॅडम, तुम्हाला कशाला ही नसती उठाठेव?' हे बोलणं मला अजून लागतं. शिकायला आलेल्या माणसाला असं दारातून परत पाठवायचं नसतं.

तुमच्याकडे मी आले ती वह्या बांधून घ्यायला. माझ्या कागदांवर 'छ' (चांद्र तारखेची खूण) आणि पुढे रबिलाखर, जमादिलावल, जिल्हेज असे महिने दिसले आणि तुम्ही हसलात, 'ये तो हमारे महीने हैं!' मग भिंतीवरचं हिजरी कॅलेंडर खाली काढलंत. त्यावर वार उर्दूत होते, इतवार, पीर, मंगल. त्या प्रत्येकाखाली तुम्ही बारीक पेन्सिलीने अरबी नाव लिहिलंत: अल-अहद, अल-इस्नैन, अस्-सुलासा. पहिला, दुसरा, तिसरा. आठवड्यातच आकडे निघाले!

पण मला सगळ्यात जास्त भिडलं ते वेगळंच. पुढच्या खेपेला तुम्ही तो अख्खा महिना माझ्यासाठी तयार ठेवला होतात. तारखेच्या प्रत्येक चौकोनात ती तारीख अरबी अक्षरांत, आणि प्रत्येक अक्षरावर जेर, जबर, पेश, म्हणजे इ, अ, उ या स्वरांच्या खुणा. छापील मजकुरात या खुणा सहसा नसतात आणि नवशिक्याचं सगळं अडतं ते तिथेच. लग्नसराईचे दिवस, दुकानात पत्रिकांचे गठ्ठे, खळीने भरलेली बोटं, आणि त्यातून वेळ काढून तुम्ही एकेका अक्षरावर खुणा करत बसलात. चौकोनांच्या कडेला खळीचे डाग आहेत. ते पान मी प्लास्टिकमध्ये घालून ठेवलंय.

'रोज आते-जाते तारीख बोल के जाने का,' एवढीच तुमची फी. मी दारातून 'अल-खामिस मिन रजब' म्हणायचे आणि तुम्ही कटर न थांबवता चूक सुधारायचात. क्लासमध्ये डोक्यावरून गेलेलं लिंगाचं कोडंही तुम्ही दिवस-रात्रीवर सोडवलंत. दिवस पुल्लिंगी, म्हणून 'सलासतु अय्याम'. रात्र स्त्रीलिंगी, म्हणून 'सलासु लयालिन'. हिजरी तारीख सूर्यास्ताला बदलते, म्हणून रात्र आधी मोजायची आणि दिवस नंतर, हेही त्याच ओघात कळलं. २९ तारखेच्या संध्याकाळी चंद्र दिसला तर नवा महिना, नाहीतर तीस पुरे करायचे. शाबानच्या, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्याच्या, २९ला मोहम्मद अली रोडवर सगळ्यांच्या माना वर होत्या तेव्हा तुम्ही मला फोन केलात, 'कल की तारीख अरबी में बोल!' त्या गर्दीतही माझा धडा तुमच्या लक्षात होता.

तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत की तुला हे कशाला हवं. माझं आडनाव, माझी जात, मी कुठली, यातलं काही मध्ये आलं नाही. या शहरात अशी माणसं आहेत, शटर अर्धं ओढून झालं तरी 'आ जा, दो मिनट' म्हणणारी. गल्लीगल्लीत आहेत. त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

मोहरमला नवं कॅलेंडर येईल तेव्हा माझ्यासाठी एक बाजूला ठेवा. या वेळी पैसे घ्यावेच लागतील. आणि खुणा मी करून आणेन, तुम्ही फक्त तपासून द्या.

तुमची,
परळची विद्यार्थिनी