खंबाटकी घाटातल्या ट्रकवाल्या दादांचे आभार

रविवारी पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीच्या चढावर, ऐन वळणाशी, आमची गाडी तापून बंद पडली. आत सासूबाई आणि पोरं. मागून आलेल्या दादांनी चारही इंडिकेटर लावून ट्रक आमच्या मागे उभा केला, चाकांना दगड लावले आणि सगळ्यांना आधी डोंगराच्या बाजूला नेऊन बसवलं. सासूबाईंसाठी तर केबिनमधली स्वतःची घोंगडी अंथरली! हे रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले, तर हातच धरला: "वाफ तोंडावर येईल, साहेब." इंजिन निवल्यावर ओलं फडकं ठेवून झाकण हळूहळू फिरवलं, आपल्या कॅनमधलं पाणी ओतलं. महामार्गाच्या १०३३ नंबरवर फोनही त्यांनीच करायला लावला. पैसे घेतले नाहीत, नावही सांगितलं नाही. दादा, मनापासून आभार.