लॉक काढू नका, लॉक स्क्रीनवरच कामाची माहिती लावा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी गंगाखेड तालुक्यातील गोदाकाठच्या एका गावात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. गावातील माणसे मोबाइलच्या लहानसहान अडचणी घेऊन माझ्याकडे येतात, आणि गेल्या काही वर्षांत एक गोष्ट वारंवार पाहून मला काळजी वाटू लागली आहे. माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ फोनांना लॉकच नसते. कारण विचारले की उत्तर बहुतेक ठरलेले असते : "गुरुजी, मोबाइल अंगठाच घेईना." कापूस वेचून, ऊस तोडून, खुरपे धरून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या आहेत, त्यांचा अंगठा रेशन दुकानातील यंत्रावर उमटत नाही आणि त्याच कारणाने फोनवरही उमटत नाही. पावसाळ्यात हात ओले किंवा चिखलाचे असले की चांगले ठसेही कामाला येत नाहीत. किती वाजले, आभाळ कसे आहे, एवढेच पाहण्यासाठी दर वेळी पिनचे आकडे दाबणे, तेही चष्मा घरी राहिलेला असताना, साठीच्या माणसाला जड जाते. मग तो नातवाला सांगून लॉक कायमचे काढून टाकतो.

याच फोनमध्ये बँकेचे संदेश येतात, ओटीपी येतात, पीकविम्याची आणि अनुदानाची कागदपत्रे साठवलेली असतात. पैसे पाठवताना यूपीआयचा पिन वेगळा लागतो हे खरे आहे. परंतु तो पिनही अनेकांनी फोनमध्येच कुणाच्या तरी नावाखाली क्रमांक म्हणून जपून ठेवलेला मी स्वतः पाहिला आहे. असा फोन आठवडी बाजारात किंवा एसटीच्या गर्दीत गेला, तर नुकसान केवळ फोनच्या किमतीपुरते राहत नाही.

या अडचणीवरचा एक उपाय फोनमध्येच आहे, तो म्हणजे लॉक स्क्रीनवरचे विजेट. विजेट म्हणजे एखाद्या ॲपमधील नेमकी माहिती दाखवणारी छोटी चौकट. हवामान, पुढचा अलार्म, बॅटरी, आजची तारीख यांसारख्या गोष्टी त्या चौकटीत दिसतात आणि त्या पाहण्यासाठी फोन उघडावा लागत नाही. बाजूचे बटण दाबले किंवा फोन उचलला की पुरे. चौकटीवर बोट ठेवून आतले ॲप उघडायचे असेल, तर मात्र लॉक उघडावेच लागते. म्हणजे रोजची माहिती बाहेर आणि खासगी गोष्टी आत, अशी सोय होते. ज्याला दिवसातून तीस वेळा फोन पाहायचा आहे पण त्यातले दोनच वेळा उघडायचा आहे, त्याला लॉक काढून टाकण्याचे कारण मग उरत नाही. माझ्या गावातील सहा-सात जणांच्या फोनवर मी ही व्यवस्था करून दिली आणि त्यांनी पुन्हा लॉक लावले, म्हणून मी हे आग्रहाने लिहीत आहे.

ही सोय तशी नवी नाही. अँड्रॉइडमध्ये 2012 साली 4.2 या आवृत्तीबरोबर लॉक स्क्रीनवर विजेट लावण्याची सुविधा आली होती, परंतु 2014 च्या पाचव्या आवृत्तीत ती काढून टाकून त्या जागी आलेल्या संदेशांच्या सूचना दाखवण्यास सुरुवात झाली. आयफोनवर 2022 मध्ये आयओएस 16 बरोबर ती आली, आणि त्यानंतर अँड्रॉइडवरही ती परतू लागली आहे. आयफोनचे लॉक चेहऱ्याने किंवा पिनने सोडवून लॉक स्क्रीनवरच बोट दाबून धरले की बदल करण्याचा पर्याय दिसतो. तो निवडून घड्याळाखालच्या पट्टीला स्पर्श केला की विजेटची यादी उघडते, आणि त्या पट्टीत चार लहान किंवा दोन रुंद चौकटी बसतात. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी असल्याने एकच वाट सांगता येत नाही, पण सेटिंग्जमधील लॉक स्क्रीनचा भाग उघडून पाहिल्यास हा पर्याय आहे की नाही ते कळते. जुन्या आणि स्वस्त फोनांत तो नसण्याची शक्यता आहे. तशा फोनांवरही लॉक स्क्रीनवर स्वतःची एखादी ओळ लिहिण्याची सोय बहुधा असते, तिचा उपयोग पुढे सांगतो.

परंतु या जागेवर काय लावायचे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो; कारण इथे चूक झाली तर जिवाशी गाठ पडू शकते. आपल्या मराठवाड्यात मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात विजा पडून माणसे आणि जनावरे दगावतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' ॲप आपल्या परिसरात वीज पडत असल्याची सूचना देते, आणि ते प्रत्येक शेतकऱ्याच्या फोनमध्ये असावे असे मी सर्वांना सांगतो. पण माझ्या ओळखीच्या एका तरुणाने लॉक स्क्रीनवर हवामानाचे विजेट लावले आणि त्यावर उन्हाचे चित्र आहे एवढ्यावर विसंबून तो आभाळ भरून आलेले असताना शेतातल्या आखाड्यावर थांबला. सुदैवाने काही झाले नाही. विजेटवरील माहिती क्षणाक्षणाला बदलत नसते, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. बॅटरी वाचावी म्हणून फोन या चौकटींना ठरावीक अंतरानेच ताजी माहिती आणू देतो. अँड्रॉइडमध्ये नेहमीच्या पद्धतीने विजेट अर्ध्या तासापेक्षा कमी अंतराने आपोआप ताजे होत नाही, आणि ॲपल कंपनीच्या मार्गदर्शनानुसार वारंवार पाहिल्या जाणाऱ्या विजेटलाही दिवसातून साधारण 40 ते 70 वेळाच ताजे होण्याची मुभा मिळते. शेतात रेंज नसेल, तर सकाळचीच माहिती दुपारी दिसत राहते. वीज अर्धा तास थांबत नाही. म्हणून विजेचा इशारा हा आवाजासह येणाऱ्या सूचनेनेच यायला हवा, त्या ॲपला सूचना देण्याची आणि ठिकाण पाहण्याची परवानगी चालू ठेवायला हवी, आणि ढगांचा गडगडाट ऐकू आला की फोनकडे न पाहता पक्क्या घराचा आसरा घ्यायला हवा.

जी माहिती सावकाश बदलते आणि तरीही रोज लागते, तिच्यासाठी मात्र ही जागा अत्यंत योग्य आहे, आणि आपल्या भागात अशी माहिती भरपूर आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून हवामानावर आधारित कृषी सल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी दिला जातो. पुढील पाच दिवसांचा अंदाज आणि त्यानुसार फवारणी करावी की थांबावे, काढलेले सोयाबीन झाकून ठेवावे का, असे त्याचे स्वरूप असते. हा सल्ला व्हॉट्सॲपच्या गटांतून फिरतो खरा, पण सुप्रभातच्या चित्रांखाली तो दोन तासांत दबून जातो, आणि मागच्या आठवड्यातला सल्ला ताजा समजून फवारणी केल्याची उदाहरणेही मी पाहिली आहेत. त्याच सल्ल्याच्या दोन ओळी तारखेसह लॉक स्क्रीनवर दिसल्या, तर कितीतरी शेतकऱ्यांच्या औषधाचे पैसे वाचतील. आठवड्यातून दोनदा बदलणाऱ्या मजकुराला अर्ध्या तासाच्या मर्यादेची अडचणच नाही.

दुसरी माहिती आम्हा गोदाकाठच्या लोकांच्या जिव्हाळ्याची आहे. 2025 च्या सप्टेंबरमधील अतिवृष्टीने आणि पुरांनी मराठवाड्याचे काय केले, ते आपल्या वृत्तपत्राने छापलेच आहे. पैठणच्या जायकवाडी धरणातून विसर्ग वाढवला, की ते पाणी आमच्यापर्यंत पोहोचायला बराच अवधी लागतो, आणि त्या अवधीतच नदीकाठच्या मोटारी, पाइप आणि जनावरे वर आणावी लागतात. आज किती क्युसेक सोडले, वाढवले की कमी केले, हे आम्ही फोनवरून एकमेकांना विचारत बसतो. त्यात जुना आकडा आणि नवा आकडा यांची गल्लत होते. धरणातील साठा, चालू विसर्ग आणि तो आकडा किती वाजताचा आहे, एवढ्या तीनच गोष्टी दाखवणारे विजेट जलसंपदा विभागाने मराठीत द्यावे, अशी माझी आपल्या मार्फत विनंती आहे. किती वाजताचा आकडा, ही गोष्ट त्यात कधीही गाळू नये, कारण वेळेशिवायचा आकडा पुराच्या दिवसांत फसवतो.

शेतीच्या मोटारीला रात्रीची थ्री फेज लाइट ज्या आठवड्यात असते, त्या आठवड्यात पुढच्या अलार्मचे विजेटही उपयोगी पडते; अंधारात ओल्या हाताने फोन न उघडता दाऱ्यावर जायची वेळ कळते. बॅटरीच्या टक्केवारीचेही तसेच आहे.

आता त्या स्वतःच्या ओळीबद्दल. गेल्या वर्षी परगावी जाताना आमच्या गावचे एक मधुमेही गृहस्थ बसस्थानकावर चक्कर येऊन पडले. लोकांनी त्यांना पाणी दिले, 108 ला फोन केला, पण घरी कुणाला कळवायचे ते समजेना. कारण सुदैवाने म्हणा की दुर्दैवाने म्हणा, त्यांच्या फोनला लॉक होते, आणि पडद्यावर कपड्यांच्या सवलतीची जाहिरात दिसत होती. घरच्यांना बातमी कळायला संध्याकाळ झाली. खरे तर लॉक असलेल्या फोनवरही आणीबाणीच्या बटणातून रक्तगट, आजार, चालू औषधे आणि घरच्यांचे क्रमांक दिसू शकतात. मात्र ती माहिती आधी भरलेली असावी लागते आणि लॉक असताना ती दाखवण्याची परवानगी दिलेली असावी लागते. याशिवाय 'मधुमेह आहे, मुलाला कळवा' असे लिहून खाली क्रमांक दिलेली एक ओळ थेट लॉक स्क्रीनवर ठेवली, तर बटण शोधण्याचीही गरज राहत नाही. आपला आजार चारचौघांत दिसू नये असे ज्यांना वाटते, त्यांनी फक्त क्रमांक लिहावा. मात्र ज्या क्रमांकाचे सिम त्याच फोनमध्ये आहे, तो लिहू नये. ही चूक मी अनेक फोनांवर दुरुस्त केली आहे.

त्या जाहिरातीबद्दलही बोलणे भाग आहे. अनेक स्वस्त फोनांच्या लॉक स्क्रीनवर मालकाने न मागितलेली चित्रे, बातम्या आणि जाहिराती फिरत असतात. अक्षरे न वाचता येणारी म्हातारी माणसे बोट लागताच कुठल्यातरी पानावर जाऊन पोहोचतात आणि घाबरून फोन बंद करतात. शिवाय त्यात त्यांचा डेटाही खर्च होतो. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूचा दर्शनी भाग घेणाऱ्याच्या उपयोगाचा असावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. ही चित्रे सेटिंग्जमधून बहुतेक फोनांत बंद करता येतात, पण तो पर्याय खोल दडवलेला असतो. फोन विकणाऱ्या दुकानदारांनी नवा फोन हातात देतानाच ती बंद करून द्यावीत आणि त्या जागी ग्राहकाला हवी ती माहिती लावून द्यावी, एवढे सौजन्य त्यांनी दाखवले तर गावोगावचे लोक त्यांना दुवा देतील.

सावधगिरीचा एक मुद्दा राहतो. लॉक स्क्रीनवर जे दिसते ते फोन हातात न घेताही शेजारच्याला दिसते. म्हणून संदेशांचा मजकूर, बँकेची शिल्लक, घरातील मुलींचे फोटो, किंवा आपण गावाला कधी जाणार आहोत हे सांगणारे कॅलेंडर तिथे लावू नये. विजेट लावताना त्याच वेळी सूचनांच्या सेटिंग्जमध्ये जाऊन लॉक असताना संवेदनशील मजकूर लपवण्याचा पर्याय चालू करावा; तसे केले नाही तर लॉक लावूनही ओटीपी बाहेर वाचता येतो आणि सगळी खटपट वाया जाते.

मराठीच्या बाबतीतही एक तक्रार नोंदवतो. या चौकटी रोमन अक्षरांच्या उंचीचा विचार करून आखलेल्या असाव्यात, असे माझ्या फोनवर तरी दिसते. कारण अक्षर मोठे केले की वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. 'पूर' आणि 'पर' यांतला फरक ज्या एका उकारावर अवलंबून आहे, तो उकार कापला जाणे परवडणारे नाही. विजेट तयार करणाऱ्यांनी, विशेषतः सरकारी विभागांनी, ते मोठ्या अक्षरांत मराठीतून वाचून पाहावे आणि मगच लोकांच्या हाती द्यावे. तपासण्यासाठी एखाद्या सत्तर वर्षांच्या शेतकऱ्याला उन्हात उभे करून वाचायला सांगितले, तर उणिवा लगेच कळतील.

आपल्या वृत्तपत्राच्या शेतीविषयक पानावर लॉक स्क्रीनवर विजेट लावण्याची, आणीबाणीची माहिती भरण्याची आणि ओटीपी लपवण्याची कृती चित्रांसह एकदा छापावी, अशी विनंती आहे. ते कात्रण आमच्या गावच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याची जबाबदारी मी घेतो, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे फोन टोळ्या निघण्यापूर्वी बसून नीट करून देण्याचे मी व माझ्या दोन माजी विद्यार्थ्यांनी ठरवले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक,
ता. गंगाखेड, जि. परभणी