सांदवाडीतील (घरामागच्या परसबागेतील) भाजीपाल्यावरील औषधाबाबत सभासदांना सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, सांदवाडीतील वांगी, वाल किंवा भेंडीवर कीड पडल्याचे कोणी विचारल्यास, कपाशीचे औषध घरात उरलेच आहे म्हणून तेच मारण्याचा सल्ला कृपया कोणीही देऊ नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. आणि ही भाजी तर दुसऱ्याच दिवशी लेकरांच्या ताटात जाते. त्याऐवजी ५० ग्रॅम निंबोळीचा भुगा १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, सायंकाळी फवारावा, कारण उन्हात त्याचा असर लवकर जातो. पंप मात्र तणनाशकाचा नसावा. फवारा शेजाऱ्यांच्या आवारात जाणार असल्यास त्यांना आधी सांगावे.