साधू आणि खजिनदार

दापोली

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या धाकटीच्या लग्नात पंगतीला बसल्यावर आपलं जे वाजलं, ते अजून डोक्यातून जात नाही. तू म्हणालास, "व्हेनेझुएला समाजवादानं बुडाला, यात वाद कसला?" बापू म्हणाला, "समाजवादाचा काय दोष? राज्यकर्ते चोर निघाले." आणि तिघांतला मी एकटाच तिथं जाऊन आलेला, पण गप्प जिलबी खात बसलो. लग्नघरात आवाज चढवायचा नव्हता. पण तेव्हा बोललो नाही याची रुखरुख लागून राहिली आहे, म्हणून हे लांबण.

व्हेनेझुएलाच्या होसे टर्मिनलला, म्हणजे तेल भरायच्या बंदरात, मी तेलवाहू जहाजावरून दोनदा गेलो, २०११ मध्ये आणि २०१७ मध्ये. दोन्ही वेळा तिथलं जड तेल भरून, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून महिन्याहून जास्त दिवसांनी जामनगरजवळ सिक्क्याला आणलं. तेल भरताना किनाऱ्यावरचा एक माणूस, लोडिंग मास्टर, जहाजावरच मुक्काम करतो. दोन्ही खेपांना तोच माणूस होता. २०११ मध्ये गोल चेहऱ्याचा, पोट सुटलेला, हसरा. मला कॉफीचा डबा भेट दिला, फोनवर नव्या फ्रीजचा फोटो दाखवला. २०१७ मध्ये शिडी चढून वर आला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. पँट कमरेवर राहावी म्हणून पट्ट्याला खिळ्यानं नवी भोकं पाडली होती, एकाशेजारी एक, चार. जेवणात दिलेली उकडलेली अंडी त्यानं खाल्ली नाहीत, कागदात गुंडाळून खिशात ठेवली. म्हणाला, महिन्याच्या पगारात तीस अंड्यांचा एक ट्रे येतो. जाताना त्यानं आमच्या कुकजवळ कपडे धुवायचा साबण मागितला. पुढं तिथल्या विद्यापीठांच्या पाहणीत आलं की त्या वर्षी बहुसंख्य लोकांचं वजन सरासरी ११ किलोंनी उतरलं होतं. मला तो आकडा वाचल्यावर पट्टाच आठवला.

जगातला सगळ्यात मोठा तेलसाठा ज्यांच्याकडे आहे, सुमारे ३०० अब्ज बॅरल, त्यांची ही गत. त्यांचं तेल डांबरासारखं घट्ट, पाइपातून वाहावं म्हणून त्यात नाफ्था, म्हणजे पातळ खनिज तेल, मिसळावा लागतो, आणि तो नाफ्थाही ते परदेशातून विकत आणत होते.

आता तुझ्या मुद्द्याकडे येतो. तिथली तेल कंपनी सरकारजमा झाली ती १ जानेवारी १९७६ ला. पुढं समाजवादी राष्ट्राध्यक्ष झालेला चावेझ तेव्हा लष्करात नुकता लागलेला पोरगा होता. राष्ट्रीयीकरण केलं तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष कार्लोस आंद्रेस पेरेझनं, आणि तो काही लाल झेंडेवाला नव्हता. त्यानंतर वीसेक वर्षं ती सरकारी कंपनी चांगली चालली. पण देश तेव्हाही घसरतच होता. १८ फेब्रुवारी १९८३ च्या 'काळ्या शुक्रवारी' त्यांचं चलन, बोलिव्हार, कोसळलं. सरकारनं डॉलरला वेगवेगळे दर लावले, आणि स्वस्त सरकारी डॉलर वाटणाऱ्या कार्यालयात, 'रेकादी' त्याचं नाव, इतकी लूट झाली की ते शेवटी बंद करावं लागलं. १९८९ मध्ये पेट्रोल आणि बसभाडं वाढल्यावर राजधानी काराकासमध्ये दंगली उसळल्या, शेकडो माणसं गोळीला बळी पडली. १९९३ मध्ये खुद्द पेरेझची खुर्ची गेली, ती गुप्त निधीच्या अपहारात. हे सगळं चावेझ निवडून येण्याआधीचं. डोंगरउतारावरच्या झोपड्यांत राहणाऱ्यांनी १९९८ मध्ये त्याला मतं दिली ती ग्रंथ वाचून नव्हे. आधीच्यांनी त्यांना लुटलं होतं म्हणून.

आणि चावेझनं सुरुवातीला त्यांना काही दिलंच नाही असंही नाही. वस्त्यांत दवाखाने आले, क्यूबाचे डॉक्टर आले, गरिबी खरोखर घटली. तेलाचा भाव पुढं बॅरलला शंभर डॉलरच्या वर गेला होता.

पण म्हणून बापू जिंकला असं समजू नकोस. तो म्हणतो तसं फक्त चोर वाईट आणि घराची रचना ठीक, असं नव्हतं.

दोन माणसांची गोष्ट सांगतो. पहिला होर्हे जिओर्दानी. चावेझचा नियोजनमंत्री, पक्का मार्क्सवादी, राहणी इतकी साधी की लोक त्याला 'साधू' म्हणत. २००३ मध्ये परकीय चलनावर नियंत्रण आलं, त्या साऱ्या व्यवस्थेमागं डोकं त्याचं. डॉलर हवा तर सरकारकडे अर्ज करायचा, सरकार ठरवेल त्या दरानं मिळेल. हेतू काय, तर श्रीमंतांनी पैसा बाहेर पळवू नये आणि गरिबाला औषध, धान्य स्वस्त मिळावं. हेतूत मला खोट दिसत नाही. पण हिशोब बघ. २०१४ च्या अखेरीस सरकारी डॉलर ६.३० बोलिव्हारला, बाहेर काळ्या बाजारात दीडशेच्या वर. मी यंत्रं आणतो म्हणून अर्ज केला आणि दहा लाख डॉलर मंजूर करून घेतले, तर मला भरायचे ६३ लाख बोलिव्हार. त्यातले फक्त ४२ हजार डॉलर बाहेर विकले की माझे ६३ लाख वसूल. उरलेले साडेनऊ लाखांहून जास्त डॉलर माझे. यंत्रं आणायचीच कशाला? कंटेनरमध्ये भंगार भरून पाठवलं तरी चालतं. धंदा करून, कारखाना चालवून एवढा नफा कोण मिळवील, तूच सांग. साधं पर्यटन घे. परदेशवारीसाठी कार्डावर सरकारी दराचे डॉलर मिळायचे, तर लोक ते उपसायला तिकिटं काढत, आणि तिकिटं संपलेल्या विमानांत रिकाम्या खुर्च्या उडत.

पुढं जिओर्दानीनं स्वतःच सांगितलं की २०१२ मध्ये वाटलेल्या सुमारे ५९ अब्ज डॉलरपैकी २० अब्ज कागदी कंपन्यांच्या घशात गेले असावेत. २०१४ मध्ये त्याला काढलं, तेव्हा त्यानं जाहीर पत्र लिहून नव्या राष्ट्राध्यक्षावर, मादुरोवर टीका केली. पण त्या दोन दरांच्या वाटेचा नकाशा त्याचाच होता.

दुसरा माणूस आलेहांद्रो आंद्रादे. चावेझचा अंगरक्षक, २००७ मध्ये थेट देशाचा खजिनदार. नंतर फ्लोरिडात राहायला गेला आणि अडथळ्यांवरून उड्या मारायच्या स्पर्धेचे घोडे पाळू लागला. अमेरिकेच्या कोर्टात त्यानं कबूल केलं की चलनाचे व्यवहार ठरावीक लोकांना मिळवून देण्यासाठी एक अब्ज डॉलरहून जास्त लाच घेतली. २०१८ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली, घोडे, गाड्या, घड्याळं जप्त झाली.

साधूनं दार बांधलं, खजिनदार त्या दारावर बसून पैसे घेऊ लागला. सुधीर, साधूच्या जागी दुसरा साधू आणि खजिनदाराच्या जागी हरिश्चंद्र बसवला असता तरी टंचाई झालीच असती, हे मी तुझ्या बाजूनं मान्य करतो. उत्पादनखर्चाखाली किंमत बांधली की दुकानातून माल नाहीसा होतो. शेतकऱ्यांना बी-खतं विकणारी त्यांची सगळ्यात मोठी कंपनी २०१० मध्ये सरकारनं घेतली, आणि शेतकरी खतासाठी फिरू लागले. यात कुणी लाच घ्यावी लागत नाही. पण टंचाई वेगळी आणि सत्यानाश वेगळा. तिथं देशाचं उत्पन्न सात-आठ वर्षांत जवळजवळ तीन चतुर्थांशानं आटलं. २०१८ ची महागाई त्यांच्याच मध्यवर्ती बँकेनं १,३०,०६० टक्के सांगितली. नोटेवरची शून्यं तीनदा पुसली, मिळून चौदा. दुकानदार नोटा मोजायच्या ऐवजी तराजूत टाकत.

त्याच खंडातल्या बोलिव्हियात २००६ मध्ये तसाच डावा नेता आला, त्यानंही गॅसचं राष्ट्रीयीकरण केलं. पण तिथं गंगाजळी जपली, महागाई दहा-पंधरा वर्षं आटोक्यात राहिली. तीही गाडी पुढं अडकली, गॅस उतरला, २०२३ मध्ये लोक डॉलरसाठी बँकेपुढं रांगेत उभे होते. अडकली, पण चौदा शून्यं पुसायची वेळ आली नाही. उलट झैरेचा, म्हणजे आताच्या काँगोचा, हुकूमशहा मोबुटू बत्तीस वर्षं पाश्चात्त्यांचा लाडका, समाजवादाचा शत्रू, आणि त्यानं देश धुऊन नेला.

दोन दरांचं हे आपल्याला नवीन नाही रे. रेशनचं निळं रॉकेल आठव. डिझेलपेक्षा कितीतरी स्वस्त, म्हणून टँकरच्या टँकर भेसळीला जायचे. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ ती भेसळ पकडायला गेलेल्या अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं. मी तेव्हा घरी होतो, टीव्हीवर बातमी बघताना आईनं पदर तोंडाला लावला होता. आपल्याकडं निदान त्यांच्यासारखा एक माणूस टँकर अडवायला गेला. व्हेनेझुएलात असली माणसं आधीच हटवली गेली होती, आणि माझं खरं म्हणणं इथं आहे.

तेल कंपनीतल्या २००२-०३ च्या संपानंतर चावेझनं तिथले सुमारे १८,००० लोक काढले. अभियंते, भूगर्भतज्ज्ञ, विहिरीची नाडी ओळखणारे. त्यांच्यातले पुढारी सरकार पाडायला निघाले होते हेही खरं, पण अठरा हजार माणसं पुढारी नसतात. २००६ मध्ये तेलमंत्री रामिरेझनं कर्मचाऱ्यांच्या सभेत सांगितलं की कंपनी लाल आहे, नखशिखान्त लाल, ज्याला पटत नाही त्यानं चालतं व्हावं. मध्यवर्ती बँकेकडं चावेझनं गंगाजळीतला 'एक छोटासा अब्ज' डॉलर लाडीगोडीनं मागितला. बँक कां-कूं करू लागली, तर २००५ मध्ये कायदाच बदलला. तेव्हापासून पैसा संसदेच्या अंदाजपत्रकाबाहेरच्या एका निधीत जाऊ लागला. पडत्या काळासाठी म्हणून ठेवलेला निधी आधीच रिकामा केला होता. २०१४ मध्ये तेल पडलं तेव्हा घरात दाणा नव्हता.

अमेरिकेच्या निर्बंधांचं बापू विचारणारच. २०१७ मध्ये कर्जावर आणि २०१९ मध्ये तेलावर घाव बसला, त्यानं हाल वाढले, यात शंका नाही. पुढं आमच्यासारख्यांच्या खेपा काही काळ थांबल्या. पण माझ्या २०१७ च्या खेपेला तो लोडिंग मास्टर पट्ट्याची भोकं दाखवत होता, तेव्हा तेलावर निर्बंध नव्हते.

त्या खेपेच्या शेवटच्या रात्री आम्ही दोघं मॅनिफोल्डपाशी, म्हणजे जहाजाला तेलाचे पाइप जोडतात तिथं, उभे होतो. मी त्याला तुझाच प्रश्न विचारला, समाजवाद की चोर? तो बराच वेळ प्रेशर गेजकडे बघत राहिला. मग म्हणाला, "२००३ मध्ये माझ्या साहेबाला काढलं. टर्मिनलच्या दारात उभं राहून मी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या महिन्यात त्याची जागा मला मिळाली. साहेब असता तर हा पंप असा चालू दिला नसता." पंपातून खरंच घरघर येत होती. पुढच्या वर्षी तो बायको-मुलाला घेऊन बसनं कोलंबियामार्गे लिमाला गेला. आता तिथं मोटारसायकलवरून गॅसची सिलिंडरं पोचवतो.

पत्र बापूलाही वाचायला दे. मे महिन्यात आंबे तयार होतील, तेव्हा दोघं मिळून या. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
अनंत