दादा-वहिनीची काळजी आपली

ती. आई-बाबांस,
सा. न.

दादा-वहिनीच्या ओमला झालेल्या रक्ताच्या कॅन्सरचे, म्हणजे एएलएलचे, उपचार साधारण दोन ते अडीच वर्षं चालतात. ओमला डॉक्टर बघतायत. दादा-वहिनीकडे आपण बघायचं.

आधी फोनचं. "पेशी किती? बरा होईल ना?" असं जो तो वहिनीलाच विचारतो आणि तिला दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं. वाडीला काय सांगायचं ते बाबांनीच सांगावं. तुम्ही तिला "जेवलीस का, झोप झाली का" एवढंच विचारा. रडली तर रडू दे. "धीर धर" म्हटलं की ती तुमच्यापुढेही रडायची बंद होईल.

पहिले चार-पाच आठवडे स्टेरॉइड असतं. त्याने पोर रात्री दोन वाजता उठून भात मागतं, चिडतं, आईला मारतंसुद्धा. वहिनीला वाटतं, आपणच कुठे कमी पडतोय. तो गोळ्यांचा परिणाम आहे आणि त्या थांबल्या की हळूहळू उतरतो, हे तिला पुन्हा पुन्हा सांगा.

तापाची भीती मात्र खरी. पांढऱ्या पेशी कमी असताना ताप 100.4 फॅरनहाइट झाला की लगेच हॉस्पिटल गाठायचं, डॉक्टरांना न विचारता पॅरासिटामॉल द्यायचं नाही. पण म्हणून रात्रभर दर अर्ध्या तासाने थर्मामीटर लावत बसलं तर माणूस खचतो. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळा आणि अंग गरम लागलं किंवा पोर मलूल वाटलं तर, एवढं पुरे. वॉर्डात पास बहुतेक एकाचाच असतो, म्हणून बाबांनी आठवड्यातून दोन रात्री ओमजवळ थांबावं. सर्दी-खोकला असेल तर कणकवलीहून गाडीतच बसू नका. बाबा थांबतील त्या रात्री दादा-वहिनीने खोलीवर सलग झोपायचं. सल्ल्यापेक्षा झोपेचाच उपयोग जास्त.

आई, गाऱ्हाणं जरूर घाल, पण कौलात काय निघालं ते वहिनीच्या कानावर नको. ग्रहण, दृष्ट, गरोदरपणी काय खाल्लं, यातलं काहीही या आजाराचं कारण नाही. बहुतेक मुलांत नेमकं कारण सापडतच नाही. ती हेच उगाळत रात्र काढते. काढेही पाठवू नकोस, केमोच्या औषधांशी त्यांचं जमेलच असं नाही.

तुमच्याकडे असलेल्या चिऊला खरं सांगा: भावाला मोठा आजार आहे, तो चिकटत नाही, तुझ्यामुळे झालेला नाही. तिचा रोज एक व्हिडिओ कॉल ठरवून टाका.

दादा बोलणार नाही. त्याचं चिडचिडीतून किंवा बाटलीतून दिसेल. दोन आठवडे झोप-जेवण उडालेलं, कशातच मन नाही, असं कोणाचंही झालं तर तिथल्याच समुपदेशकाला किंवा समाजसेविकेला सांगायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर चोवीस तास, फुकट आणि मराठीत आहे. "मी नसते तर बरं" असं कानावर आलं तर एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं.

आणि उपचार संपले की सगळं सुटलं असं धरू नका. तपासण्या लांबतात तेव्हा आईबापांची भीती उलट वाढते. "यंदा गणपतीला आणाच" हा हट्ट नको; डॉक्टर हो म्हणाले तर येतील, आणि आले तर खळ्यात गर्दी जमवू नका.

आंब्याच्या कलमांची फवारणी आणि पेट्यांचा हिशेब या हंगामात दादाला विचारूच नका. माझ्याकडे पाठवा.

तुमची,
बाय