माजघरातली पट्टी

कोल्हापूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

शनिवारी तू येतोयस म्हणून भिंतींच्या पायथ्याशी बसवायच्या सागवानी पट्ट्या आणून माजघरात आडव्या टाकल्यात. या पावसात लाकूड चार दिवस घरात मुरलेलं बरं. फोनवर म्हणालास, पट्टी आणि फरशीमधल्या फटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घेऊ. तेवढं करू नकोस, लेका.

तुझ्याच वयाचा असताना शिवाजी पेठेतल्या एका घरात मी तेच केलं होतं. उन्हाळ्यात लाकूड आकसलं, पावसाळ्यात फुगलं आणि लांबीचे तुकडे केरसुणीबरोबर निघायला लागले. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत. तुकडे एका वाटीत गोळा करून ठेवले होते त्यांनी. ती वाटी अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

आपली शहाबादी फरशी देवघराच्या कोपऱ्यात खचलीय. मी पट्टी ठेवून बघितलं. उंबऱ्याकडे टेकते, कोपऱ्यात 9 मिलिमीटर फट राहते. आधी खाली पाचर सारून वरची कड पाणसळीत, म्हणजे अगदी समपातळीत आण. मग कंपास 10 मिलिमीटर उघड, टोक फरशीवर, पेन्सिल लाकडावर, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश ओढत ने. टोक आणि पेन्सिल एकावर एक, उभ्या ओळीत राहू देत. हात कलला की रेघ चुकली. फरशीचा प्रत्येक खळगा, प्रत्येक सांधा लाकडावर उमटतो, बघच तू. चारी भिंतींना वरची उंची एकच धर, कंपासही तोच ठेव, नाहीतर कोपऱ्यात कडा जुळायच्या नाहीत.

करवत रेघेच्या जरा बाहेरून, टाकायच्या बाजूनं चालव आणि मागच्या अंगाला थोडं जास्त लाकूड काढ. पुढची कड तेवढीच टेकली पाहिजे. उरलेलं रंध्यानं रेघेपर्यंत आण, घाई नको.

कापलेल्या कडेला बसवायच्या आधीच पॉलिशचे दोन हात दे. तुझी आई रोज ओल्या फडक्यानं फरशी पुसते, पाणी तिथूनच लाकडात शिरतं. पट्टी भिंतीला स्क्रूनं धरायची, फरशीला चिकटवायची नाही.

माझा हात आता रेघेवर ठरत नाही. पट्टी मी धरतो, कंपास तू चालव. शाळेतला तुझाच आहे, देवघराखालच्या खणात सापडला. रंध्याला धार लावून ठेवलीय.

तुझे बाबा